घरच्या घरी लाकडी होडी : टाळेबंदीतील एक उद्योग आणि त्याचे शास्त्र

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा सुरतेतील कापड बाजार, हिरे घासण्याच्या घंट्या आणि आमच्यासारख्या निवृत्तांचे सकाळचे फिरणे हे सगळे एकदमच थांबले. त्या काळात कोणी गॅलरीत भाज्या लावल्या, कोणी पेटी शिकले. आमच्या घरातील चौघांनी, म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, मुलगा आणि सूनबाई, आठ फुटी लाकडी होडी बांधली. सातवीतला नातू मापे लिहून घेण्याच्या कामावर होता. मंडळातील अनेकांनी नंतर विचारले की फ्लॅटमध्ये राहून होडी कशी काय बांधता येते आणि ती बुडत कशी नाही. म्हणून ही माहिती एकत्र लिहून देत आहोत.

होडीचे गाव

सुरतेत होडी बांधणे यात नवल काही नाही. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेच्या गोदीतले कुशल कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली त्यांना मुंबईला नेले आणि त्यांच्या घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीत मोठमोठी जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत मलबारी सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहायला मिळते. दोनशे वर्षे टिकलेले हे लाकूडकाम ज्या घराण्याचे, त्याचे मूळ आपल्या या शहरात आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

मात्र जाड सागवानी फळ्या, वाकवलेल्या फासळ्या आणि फटींत काथ्या ठोकणे हे काम पिढीजात सुतारांचे. आपल्यासारख्यांसाठी सोपी वाट निघाली ती विसाव्या शतकात, पाण्यात न सुटणारे प्लायवुड आले तेव्हा. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही छोटी शिडाची होडी आखली. ८ बाय ४ फुटांच्या दोन प्लायवुड शीटमध्ये ती बसत असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची होडी आली. ती खास घरी बांधण्यासाठीच होती आणि आजवर ७०,००० हून अधिक बांधल्या गेल्या. तिची युक्ती अशी की प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने कपड्यासारखे शिवायचे आणि शिवण आतून-बाहेरून काचेच्या कापडाने व रेझिनने पक्की करायची.

शिवलेली होडी आपल्याला परकी नाही. आपल्या किनाऱ्यावर खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्याची पद्धत फार जुनी. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून गोव्यात तशीच शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका बांधली गेली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. ती बांधणारे रत्नाकर दांडेकर यांनीच पूर्वी दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली होती. त्याच म्हादेईवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले.

आधी कागद, मग लाकूड

एप्रिल-मे महिन्यांत दुकाने बंद होती. तो वेळ आम्ही आराखड्याला दिला. प्रत्यक्ष मापाच्या एक दशांश आकारात पुठ्ठ्याची होडी केली, तुकडे चिकटपट्टीने जोडले. पुठ्ठ्यात जे जुळते ते प्लायवुडमध्येही जुळते. ही पायरी कोणी गाळू नये, कारण पुठ्ठ्याला खर्च नाही.

आम्ही सपाट तळाची, पुढे टोक नसलेली होडी निवडली. लांबी २४० सेंमी, रुंदी सुमारे १२० सेंमी, बाजूंची उंची ४० सेंमी. जागेचेही गणित करावे लागते. तीन फुटी दारातून १२० सेंमी रुंदीची होडी आडवी निघत नाही, पण कुशीवर उभी केली की तिची जाडी ४० सेंमीच उरते आणि ती सहज निघते. आमचे काम तळमजल्याच्या पार्किंगमध्ये सोसायटीच्या लेखी परवानगीने झाले, तरी दार, जिना आणि वळण आधी मोजून ठेवलेले बरे.

१ जून २०२० पासून दुकाने हळूहळू उघडू लागली, तेव्हा सामान आणले :

- तळासाठी ६ मिमी आणि बाजू, बैठका वगैरेंसाठी ४ मिमी मरीन प्लायवुड, एकूण तीन शीट
- काठासाठी हलक्या, गाठी नसलेल्या लाकडाच्या पट्ट्या
- इपॉक्सी रेझिन व हार्डनर मिळून सुमारे ६ किलो
- ७५ मिमी रुंदीची काचकापडाची पट्टी, २५ मीटर
- तांब्याची तार, लाकडाचा बारीक भुसा, हातमोजे, मास्क

प्लायवुडवर आयएस ७१० हा शिक्का असावा. साध्या फर्निचरच्या प्लायवुडवर आयएस ३०३ असतो, ते होडीला चालत नाही. शिक्क्यावरच विसंबू नका. हातभर तुकडा मागून घ्या, घरी चार-पाच तास पाण्यात उकळा आणि वाळवा. थर सुटले तर ते शीट परत करा. बँकेत सही पडताळल्याशिवाय पैसे देत नाहीत, तसेच हे.

खर्चात मोठा वाटा इपॉक्सीचा असतो, लाकडाचा नव्हे. भाव सतत बदलतात म्हणून रक्कम देत नाही, पण अंदाजपत्रक करताना आधी इपॉक्सीचा भाव काढावा.

बांधणीचा क्रम

पहिले काम आखणी. शीटवर ठरावीक अंतरावर उभ्या रेषा मारून प्रत्येक रेषेवर आराखड्यातील माप खुणावायचे. त्या खुणांवर छोटे खिळे ठोकून एक लवचीक पट्टी वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. पट्टी जिथे अडते तिथे माप चुकीचे लिहिले आहे असे समजावे. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापाव्यात, म्हणजे डावी-उजवी सारखी होते.

मग कडेपासून १ सेंमी आत, दर १५ सेंमीवर भोके पाडून तारेने शिवण घालायची. पीळ सुरुवातीला सैलच ठेवावा. सगळे तुकडे जागेवर आले की तपासणी करायची. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले पाहिजेत. पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून पाहिले तर दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत, नाहीतर होडीला पीळ आहे. ही तपासणी झाल्यावरच तारा घट्ट कराव्यात. इपॉक्सी चढल्यावर पीळ कायमचा राहतो.

पुढे आतल्या कोपऱ्यांत भुसा मिसळलेले घट्ट इपॉक्सी चमच्याच्या पाठीने गोलसर भरायचे आणि त्यावर काचपट्टी बसवायची. सुकल्यावर तारा काढायच्या, बाहेरची कड गोल घासायची आणि तिथेही पट्टी लावायची. होडीची ताकद या कोपऱ्यांत असते.

इपॉक्सीबद्दल तीन गोष्टी नक्की लक्षात ठेवा. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालू नये. डब्यावर दिलेल्या प्रमाणात फरक झाला की ते कधीच पूर्ण घट्ट होत नाही. दुसरे, सुरतेच्या उन्हाळ्यात खोल भांड्यात कालवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून काही मिनिटांत दगड होते, म्हणून थोडेच कालवून पसरट ताटात ओतावे. तिसरे, पावसाळी हवेत सुकलेल्या थरावर तेलकट साय येते. पुढचा थर देण्याआधी ती पाण्याने पुसून घासावी.

इथे सुरतेचा एक फायदा सांगतो. ओल्या इपॉक्सीवर साधे, कोणतीही चमक किंवा लेप न दिलेले पॉलिस्टरचे अस्तर पसरून ठेवले आणि सुकल्यावर ओढून काढले, तर पृष्ठभाग एकसारखा निघतो आणि घासकाम निम्म्याने वाचते. आधी छोट्या तुकड्यावर पाहून घ्यावे. असे कापड आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते.

त्वचेला इपॉक्सी लागले तर साबण-पाण्याने धुवावे, थिनर वापरू नये. घासताना मास्क हवाच. २०२० साली तो तसाही तोंडावरच होता.

ती तरंगते कशी?

होडी जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका भार ती पेलते. आमची होडी सुमारे ३० किलोची. दोन माणसे १३० किलो धरली तर एकूण १६० किलो, म्हणजे १६० लिटर पाणी सारावे लागेल. तळाचा पाण्याला टेकणारा भाग साधारण दीड चौरस मीटर आहे. होडी १ सेंमी खाली गेली की १५ लिटर पाणी सरते. म्हणजे ती सुमारे ११ सेंमी बुडेल आणि ४० पैकी २९ सेंमी काठ पाण्यावर राहील. तिसरे माणूस बसले की सुमारे साडेचार सेंमी काठ आणखी कमी होतो, आणि काठ हीच आपली शिल्लक. म्हणून होडीच्या आत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : दोनच माणसे.

पाणी भरले तरी होडी तळाशी जाऊ नये म्हणून बैठकांखाली बंद कप्पे करून त्यांत थर्माकोल भरला. ५० लिटर थर्माकोलचे वजन किलोभरच असते आणि ते पाण्यात ४९ किलोचा आधार देते. इपॉक्सी थर्माकोलला विरघळवत नाही, पॉलिएस्टर रेझिन मात्र विरघळवते. हा फरक माहीत असावा.

ही होडी कशासाठी नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहर बुडाले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण वरच्या मजल्यांवर दूध-पाण्याविना अडकले होते. त्यामुळे आमची होडी पाहून पहिला प्रश्न येतो : पुरात उपयोगी पडेल ना? आमचे उत्तर ठामपणे नाही असे आहे. पुराच्या पाण्याला ओढ असते, खाली उघडी गटारे असतात, विजेच्या तारा असतात. ४ मिमीची बाजू तिथे एका धक्क्यात फुटेल. पुरात होडी अग्निशमन दलाची आणि एनडीआरएफचीच. आपण गच्चीवर पाणी, औषधे आणि बॅटरी तयार ठेवावी.

तापीतही आम्ही ती उतरवली नाही. सिंगणपूर कॉजवेच्या खाली भरती-ओहोटीचे पाणी येते, आणि खंभातच्या आखातातील भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. ओहोटीला वल्हे मारून परत येता येत नाही. आमची होडी खानदेशात एका नातलगाच्या गावच्या शांत तळ्यात, ग्रामपंचायतीला विचारून उतरवली. प्लास्टिक घातलेल्या शेततळ्यात मात्र उतरू नये. त्याच्या निसरड्या उतारावरून पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. उतरायचेच झाले तर चारही बाजूंना दोर बांधलेले हवेत.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून विद्यार्थी व शिक्षिका मिळून १४ जण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून आमच्या घरात नियम आहे : पोहता येवो वा न येवो, वय कितीही असो, जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. नातवाने हा नियम आजीलाही लावला आणि आजीने तो निमूट पाळला.

मंडळातील ज्या कुटुंबांना असे काही करायचे असेल त्यांनी आधी पुठ्ठ्याची होडी करून आणावी. आराखडा आणि मापांची वही आमच्याकडे आहे, ती जरूर पाहावी. सुट्टीत मुलांना मोबाइलपासून चार तास दूर ठेवणारे आणि कर्ण, क्षेत्रफळ, घनफळ हे सगळे हाताने शिकवणारे दुसरे काम आम्हाला तरी सापडलेले नाही.