गिऱ्हाइकांचे वाय-फाय

गिऱ्हाइकांसाठी वाय-फाय बसवायचे काम जागा पाहण्यापासून सुरू होते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या एकाच लोकलमार्गावरच्या तीन शहरांत ती जागा तीन तऱ्हांची असते. उल्हासनगर लष्करी छावणीच्या बराकींवर वसले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीला १९४९ साली आजचे नाव मिळाले, पण पत्त्यात अजूनही कॅम्प आणि बराक नंबर येतो. दाल-पकवान देणारे जुने हॉटेल शेजारचा गाळा जोडत वाढलेले असते, मधली जाड भिंत तशीच राहिलेली असते आणि आजूबाजूच्या प्रत्येक दुकानाचा स्वतःचा राउटर असतो. अंबरनाथच्या एमआयडीसीकडे पत्र्याच्या शेडमधली जेवणाची हॉटेले भेटतात; लोखंडी पत्रा लहरी आत येऊ देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. बदलापुरातून बारवी धरणाच्या रस्त्याला लागले की झाडांखाली टेबले मांडलेली फॅमिली रेस्टॉरंट दिसतात. तिथे नेट उघड्यावर न्यायचे असते.

मोबाइलवर नेट असताना वाय-फाय कशाला, हा मालकाचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बिलाच्या वेळी मिळते. आरसीसी इमारतीच्या तळमजल्यावर, आत लांबवर गेलेल्या गाळ्यात रेंज एका कांडीवर येते. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देऊ पाहते, स्क्रीनवरचे चाक फिरत राहते, मग ते फोन घेऊन दारापर्यंत जाते आणि वेटर बिलाची बशी हातात धरून तिथेच उभा राहतो. शनिवारी रात्री अशी चार टेबले अडकली की बाहेरची रांग हलत नाही. म्हणून सर्वांत आतल्या टेबलावर पैसे पहिल्या फटक्यात जाणे, ही या वाय-फायची पहिली कसोटी धरावी.

पाहणीला साधा फोन पुरतो. सिग्नल मोजणारे ॲप उघडून गल्ल्यापासून चालायला लागायचे. आकडा उणे चिन्हाने येतो. राउटरजवळ तो उणे चाळिसाच्या आसपास असतो आणि तो दहाने उतरला की ताकद दहापट कमी झालेली असते. उणे ६७ पर्यंत सगळे सुरळीत चालते. भटारखान्याची भिंत मध्ये आली, स्टीलचा फ्रिज आला, भिंतभर आरसा आला की आकडा धाडकन खाली येतो. उणे ८० ला फोन जोडलेला दिसतो, पण पान उघडत नाही. ‘फुल टॉवर आहे पण नेट नाही’ ही तक्रार मात्र वेगळी. ती बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनची किंवा गर्दीची असते. ही फेरी दुपारी रिकाम्या हॉटेलात मारून उपयोग नाही. माणसाचे शरीर बरेचसे पाणीच असते आणि पाणी या लहरी शोषते, त्यामुळे भरलेल्या हॉटेलात आकडे वेगळे येतात.

वाय-फायचे नेहमीचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. उल्हासनगरच्या बाजारात फोनवर शेजाऱ्यांची नावे मोजली की हे तीनही भरलेले दिसतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून तो सुरू झाला की जवळच्या टेबलांचे नेट अडखळते. ५ गिगाहर्ट्झला जागा पुष्कळ आहे, मात्र तो भिंतीला लवकर हार मानतो. दाट वस्तीत ५ वर भर द्यावा आणि २.४ जुन्या फोनांसाठी ठेवावा, हेच शहाणपणाचे.

लाइन निवडताना बहुतेकांचे लक्ष वेगाच्या आकड्यावर खिळते, तेवढी त्याची योग्यता नाही. साठ खुर्च्यांच्या हॉटेलात चाळीस फोन जोडले गेले तरी एका क्षणी त्यातले थोडेच काही मागत असतात. प्रत्येकाला दोन-तीन एमबीपीएसची मर्यादा घातली तर १०० एमबीपीएसची फायबर लाइन सहज पुरते. विचारायचे ते वेगळेच. रविवारी संध्याकाळी फायबर तुटली तर ती सांधायला (स्प्लायसिंगला) माणूस कधी येणार? लाइन खांबावरून लोंबकळत येते की पाइपातून? प्लॅन व्यावसायिक वापराचा आहे ना? कंपनी मोठी की गल्लीतला केबलवाला, हे त्यानंतर. जवळचा केबलवाला अर्ध्या तासात शिडी घेऊन येत असेल तर तो चांगला. दुसरी लाइन घ्यायची तर ती वेगळ्या वाटेने येणारी असावी. एकाच खांबावरच्या दोन वायरी एकाच ट्रकने तुटतात.

आतल्या कामात वायरीवर कंजुषी करू नये. गल्ल्याखाली, वहीखात्यांच्या मागे ठेवलेला राउटर आणि पुढे प्लगमध्ये खोचलेला रिपीटर, ही जोडी फार ठिकाणी दिसते. साधा रिपीटर तोच निरोप त्याच पट्ट्यावर दोनदा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी छतावर ॲक्सेस पॉइंट बसवून तिथपर्यंत कॅट-सिक्स वायर ओढावी. पीओई स्विच असला की त्याच वायरीतून वीजही जाते, वर प्लग लागत नाही; १०० मीटरपर्यंत काही अडत नाही. मोठ्या दालनात एकाच पॉइंटची ताकद कमाल करण्यापेक्षा दोन पॉइंट मध्यम ताकदीवर ठेवलेले बरे. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनची कुजबुज त्याला ऐकू यायला हवी. तवा आणि फोडणीच्या वाफेपासून पॉइंट लांब ठेवावा. तेलाची चिकट पुटे चढून हवेच्या फटी बुजतात आणि डबा तापतो.

सगळ्यांत जपून करायचे काम म्हणजे वेगळेपणा. बिलिंगचा संगणक, किचनमध्ये केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) छापणारा प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, ऑर्डरचा टॅब ही हॉटेलची घरची मंडळी; गिऱ्हाइकांचे फोन पाहुणे. दोघांना एकाच जाळ्यात ठेवणे म्हणजे माजघराचे दार उघडे टाकणे. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करावे, मोठ्या ठिकाणी व्हीलॅन करून एकाच यंत्रणेत वेगळी जाळी पाडावीत, आणि पाहुण्यांच्या फोनांनाही एकमेकांपासून तोडावे. तपास सोपा आहे: टेबलावर बसून, गिऱ्हाइकांच्या वाय-फायवरून, जाळ्यातली उपकरणे दाखवणारे ॲप चालवायचे. यादीत किचनचा प्रिंटर दिसला तर काम अपुरे आहे. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा मूळ पासवर्डही त्याच दिवशी बदलावा.

एक बारीक सेटिंग मात्र हमखास राहून जाते. राउटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो, आणि साध्या मांडणीत असे पत्ते अडीचशेच्या आसपास असतात. पत्ता पुष्कळदा चोवीस तासांसाठी दिला जातो. गिऱ्हाईक जेवून पाऊण तासात निघून जाते, पत्ता मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याच नावावर राहतो. दुपारच्या पंगती उठेपर्यंत पत्ते संपतात, आणि रात्री आलेल्यांच्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढेच दिसत राहते. तिकडे लाइनचा वेग उत्तम असतो, तक्रार घेऊन आलेला माणूस राउटर बंद-चालू करतो, सगळे सुरू होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पत्त्याची मुदत एक-दोन तासांवर आणली की हा त्रास संपतो.

गिऱ्हाइकाला आत कसे घ्यायचे, यात कायदाही येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी गेलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठवल्याचे निष्पन्न झाले. घरातल्या माणसाला पत्ताही नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबद्दल सूचना काढल्या. मोबाइल नंबर घेऊन ओटीपीने आत सोडण्याची रीत सार्वजनिक ठिकाणी दिसते ती यातून. पण ओटीपीच्या एसएमएसला रेंज लागते, आणि रेंज नाही म्हणून तर गिऱ्हाईक वाय-फाय मागते. हा पेच बसवणाऱ्याने आधीच तपासावा. घेतलेला नंबर जाहिरातींसाठी वापरणे मात्र विश्वासघात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ज्या कारणासाठी घेतली तेवढाच वापर अपेक्षित आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदार परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो, ओळख पटवण्याचे काम वरची संस्था सांभाळते. लहान हॉटेलाने हा मार्ग जरूर पाहावा.

पावसाळा ही इथली खरी परीक्षा. वीज गेली की फायबरचा डबा बंद होतो आणि पुन्हा उभा राहायला काही मिनिटे घेतो. तेवढ्यात बिले तुंबतात. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस त्या डब्याला आणि राउटरला सांभाळतो, पण पीओई स्विचला वेगळा आधार लागतो, हे विसरले जाते. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. नदीकडच्या भागात डबे आणि स्विच जमिनीलगत नकोतच, माणसाच्या डोक्याच्या वर लावावेत. बागेतल्या पॉइंटपर्यंत इमारतीतून तांब्याऐवजी फायबर न्यावी, म्हणजे वीज कडाडली तर तिचा झटका वायरीतून गल्ल्यापर्यंत येत नाही.

शेवटी नाव आणि पासवर्ड क्यूआर कोडमध्ये छापून टेबलावर लावतात आणि दर महिन्याला बदलतात. काम ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने रविवारी रात्री, सगळी टेबले भरलेली असताना, मेन स्विच पाडावा, सर्वांत आतल्या टेबलावर जाऊन बसावे, मोबाइलचे नेट बंद करावे आणि वाय-फायवरून एक रुपया यूपीआयने पाठवून पाहावा.