गोळी झाडाची की चंचुपात्रातली?

ऋतुनिवृत्तीच्या वयातल्या माझ्या मैत्रिणी औषधांच्या दुकानातून सोयाबीनच्या ‘नैसर्गिक’ गोळ्या आणतात. मी रसायनशास्त्र शिकवीत असे, म्हणून हटकून विचारतात, “ही खरी झाडाचीच ना गं? कारखान्यातली नाही ना?”

या प्रश्नाच्या उत्तराची वाट पुण्याच्या पाषाण रस्त्यावरून जाते. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन (१९५७ ते १९६६). रंगद्रव्ये हा त्यांचा प्रांत. ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ आम्ही परीक्षेसाठी घोकली. पण गोळ्यांशी नाते आहे ते त्यांच्या दुसऱ्या एका कामाचे. पुण्याला येण्याच्या कितीतरी आधी, १९३४ साली, त्यांनी व सहकाऱ्यांनी आयसोफ्लेव्होन बनविण्याची सुटसुटीत रीत दिली. या रेणूचा मूळ सांगाडा पंधरा कर्बांचा. चौदा कर्बांचे कीटोन हाताशी असते, उणीव असते एका कर्बाची. सोडियमच्या साहाय्याने इथिल फॉर्मेट तो पुरवते आणि मधले वलय बंद होते.

तेव्हा या रेणूंकडे फुलापानांतील रंगद्रव्यांचे भाऊबंद म्हणूनच पाहिले जाई. त्यांचा दुसरा गुण उघड केला मेंढ्यांनी. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. १९४६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि १९५१ साली त्याच चाऱ्यातून जेनिस्टीन हा आयसोफ्लेव्होन वेगळा काढण्यात आला. पुढे कळले, की खरा अपराधी त्यातला फॉर्मोनोनेटिन. मेंढीच्या पोटात त्याचे इक्वॉल होते. या रेणूंच्या दोन टोकांच्या हायड्रॉक्सिल गटांतील अंतर जवळपास इस्ट्राडायॉल या स्त्री-संप्रेरकाइतकेच असते. त्यामुळे पेशीतल्या संप्रेरकाच्या कुलपात ही परकी किल्लीही फिरते. मात्र पुष्कळच ढिली.

आता मैत्रिणींना उत्तर. सोयाबीनमधले जेनिस्टीन आणि चंचुपात्रातले शुद्ध जेनिस्टीन यांत तसूभरही फरक नाही. रेणूला जन्मगाव नसते. फरक पडतो तो शुद्धतेचा, मात्रेचा आणि घेणाऱ्या शरीराचा. सोयाबीनमध्ये हे रेणू बहुतांशी साखरेला जोडलेले असतात. आतड्यातले जिवाणू ती साखर सोडवतात. डेडझीनपासून इक्वॉल बनविणारे जिवाणू तर काहींच्याच पोटात असतात. म्हणूनच एकच गोळी एकीला मानवते, दुसरीला काहीच जाणवत नाही. अंगाची काहिली कमी होते का, याचे अभ्यासांतले निष्कर्षही एकमुखी नाहीत.

याच पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने शेतकऱ्यांना सोयाबीनचे ‘एमएसीएस’ वाण दिले. ते सोयाबीन जेवणात खुशाल असावे. पण जेवणातले सोयाबीन वेगळे आणि अर्क आटवून केलेली गोळी वेगळी. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशी गोळी घेऊच नये. जी वस्तू संप्रेरकासारखी काम करते असे सांगून विकली जाते, तिला संप्रेरकाइतकेच जपून हाताळायला हवे. मेंढ्यांनी खाल्लेला चारा शंभर टक्के नैसर्गिकच होता.