दात मोठा, पण कोणाचा?

मुशी चिरणाऱ्यांना ठाऊक असते, या माशाला हाडाचा काटाच नसतो. मुशी म्हणजे शार्क, आणि शार्कचा सांगाडा कूर्चेचा. ती कुजून जाते, म्हणून लाखो वर्षांनी हाती लागतात ते बहुधा दातच. ते मात्र मुबलक, कारण जुना दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. एक शार्क जन्मभरात हजारो दात टाकतो.

दात तळहाताएवढा दिसला की तो मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पण मेगालोडॉनच्या पिल्लाचा दात ग्रेट व्हाइट शार्कच्या दाताएवढाच असतो. दोन्ही त्रिकोणी, दोन्हींच्या कडा करवतीसारख्या. या साम्यामुळेच 19व्या शतकात निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी मेगालोडॉनला ग्रेट व्हाइटच्या ‘कार्कॅरोडॉन’ या प्रजातीत बसवले.

आता भिंगाखाली कड पाहा. मेगालोडॉनचे दाते बारीक आणि एकसारखे. ग्रेट व्हाइटचे खवणीसारखे जाड आणि कमीजास्त. मेगालोडॉनच्या पात्याच्या आणि मुळाच्या मध्ये एक गडद पट्टा असतो; ग्रेट व्हाइटला तो नसतो.

वंशावळही दातांनीच सांगितली. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या ओटोडस शार्कच्या दाताची कड गुळगुळीत होती आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा सुळका होता. पुढच्या पिढ्यांत कडेला दाते आले, मग सुळके नाहीसे झाले, आणि त्या ओळीच्या शेवटी मेगालोडॉन उभा राहिला. ग्रेट व्हाइटचे घराणे वेगळे. पेरू देशातल्या पिस्को खडकांत 1988 मध्ये 222 दातांसह एक जबडा सापडला. त्या दातांच्या कडा जेमतेम दातेरी होत्या. माको शार्कसारख्या गुळगुळीत कडेच्या दातांच्या पूर्वजाकडून आजच्या ग्रेट व्हाइटकडे जाणारी ही मधली पायरी. 2012 मध्ये तिला ‘कार्कॅरोडॉन हबेली’ हे नाव मिळाले.

दोन चकवे मात्र सांभाळावेत. रंगावरून जात ठरत नाही. काळा, राखाडी की तपकिरी, हे भोवतालच्या गाळातली खनिजे ठरवतात. शिवाय एकाच जबड्यात वरचे दात रुंद आणि खालचे अरुंद असतात, त्यामुळे एकाच माशाचे दोन दात दोन जातींचे वाटू शकतात.

सह्याद्रीच्या लाव्हाच्या खडकात असे दात शोधू नका. ते समुद्री गाळाच्या थरांत मिळतात, उदाहरणार्थ ओडिशातल्या बारीपदाजवळ. कुठे सापडलाच, तर खिशात टाकण्याआधी जागा आणि थर लिहून ठेवा. थराची नोंद गेली की दाताचे वय सांगणे अवघड होते, आणि वय कळले नाही तर ओळखही अर्धीच राहते.