आधीं काम, मग व्याकरण

पुण्यास इंग्रजी शिक्षण नवें नाहीं. १८८० सालीं चिपळूणकर व टिळक यांनीं येथें न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें कित्येक पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवीत वाढल्या. २००० सालापासून तर महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी घरोघरीं तक्रार एकच: मुलास काळांचीं सारीं रूपें पाठ, पण कोणी इंग्रजींत प्रश्न केला कीं तोंडास कुलूप!

विहिरीच्या काठावर बसून नियम घोकल्यानें पोहणें येत नाहीं. भाषेचेंहि तसेंच आहे. हें ओळखून एन. एस. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या कांहीं शाळांत एक प्रयोग केला. त्यांत व्याकरणाच्या धड्याऐवजीं मुलांपुढें काम ठेवीत. उदाहरणार्थ, आगगाडीचें वेळापत्रक देऊन, अमक्या वेळीं पोहोंचण्यास कोणती गाडी धरावी, असें विचारीत. तशाच नमुन्याचें एक काम शिक्षक आधीं वर्गाबरोबर सोडवी. मग प्रत्येकानें आपलें आपण सोडवावयाचें. मन अर्थांत गुंतलें म्हणजे भाषेची घडण नकळत अंगीं मुरते, असें प्रभूंचें मत. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत मात्र दोन्ही पद्धतींचीं मुलें आपापल्या धाटणीच्या परीक्षेंत सरस दिसलीं. तेव्हां व्याकरण टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची पाळी मागाहून यावी, इतकेंच.

घरांत हें सहज साधेल. परदेशीं वाढणाऱ्या नातीस मराठी बेताचें, आजीस इंग्रजी बेताचें. म्हणून दोघी दूरध्वनीवर चार शब्द बोलून गप्प होतात. आजीनें एके दिवशीं नातीस शिऱ्याची कृति इंग्रजींत सांगावी. रवा किती भाजावा, साखर केव्हां घालावी, हें सांगतांना क्रियापदें चुकतील, लिंगवचनें घसरतील. पण घरच्या शहाण्यांनीं मध्येंच हंसूं नये, सुधारूंहि नये. मुलांचें वाक्य अर्ध्यावर तोडून शुद्ध करण्याचा दोष आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें केला आहे, आणि त्या मुलांनीं पुन्हां हात वर केला नाहीं, हेंहि पाहिलें आहे. शिरा झाल्यावर चुका खुशाल पाहाव्या. तो नातीस साधला, तर आजीचें इंग्रजी उत्तीर्ण झालें असें समजावें.