धक्काशोषक : निवड आणि जुळवणी

बसच्या सर्वांत मागच्या आसनावर बसून खड्ड्यांच्या रस्त्याने प्रवास करण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. चाक खड्ड्यात जाते, वर येते, आपण आसनावरून उचलले जातो आणि पुन्हा आदळतो. एखाद्या बसमध्ये हा झटका एकदाच बसतो व प्रवास पूर्ववत सुरू होतो. दुसऱ्या बसमध्ये मात्र गाडी नावेसारखी बराच वेळ डोलत राहते. रस्ता तोच, खड्डाही तोच; मग हा फरक कशामुळे पडतो?

या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे गाडीचे धक्काशोषक. गॅरेजमध्ये त्यांना 'शॉकअब्सॉर्बर' किंवा नुसते 'शॉकअप' म्हणतात. बाजारात अनेक प्रकारचे धक्काशोषक मिळतात. ते कसे निवडावेत आणि गाडीला कसे जुळवून घ्यावेत, हे या पाठात एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या उदाहरणावरून आपण समजून घेऊ.

नाव एक, काम दुसरे

'धक्काशोषक' हे नाव थोडे फसवे आहे. रस्त्याचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते. परंतु साठवलेली ऊर्जा ती लगेच परत करते. त्यामुळे गाडी वर उसळते, पुन्हा खाली येते आणि हा खेळ चालू राहतो. झोका एकदा ढकलून सोडून दिला तर तो आपोआप लगेच थांबत नाही, तसेच हे आहे.

हा झोका थांबवणे हे धक्काशोषकाचे खरे काम होय. त्याच्या आत तेल भरलेले असते. चाक खालीवर झाले की एक दट्ट्या त्या तेलात सरकतो आणि तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते. या रोधामुळे हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचे धक्काशोषक गरम लागतात, ते यामुळेच. इंग्लंडमध्ये या भागाला 'डॅम्पर', म्हणजे हालचाल शमवणारा, असे म्हणतात. हे नाव त्याच्या कामाला अधिक साजेसे आहे.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, धक्काशोषक नव्हे. म्हणून स्प्रिंग थकून गाडी एका बाजूस झुकली असेल, तर नवे धक्काशोषक बसवून ती सरळ होणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धक्काशोषक केवळ प्रवाशांच्या सुखासाठी नसतो. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतो. चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकते. ही थरथर शमली नाही तर टायर क्षणोक्षणी रस्ता सोडतो. ज्या क्षणी टायर रस्त्यावर नसतो, त्या क्षणी ब्रेकही उपयोगाचा नसतो आणि सुकाणूही. म्हणजेच या भागावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे.

एक जुनी गाडी

आता उदाहरणाकडे वळू. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात 1962 ते 1980 या काळात 'एमजीबी' नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार होत असे. तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळ आजही हौशी मालकांनी जपून ठेवल्या आहेत. भारतीय वाचकांना ही गाडी अगदीच परकी नाही. आपल्या ॲम्बॅसडर गाडीत दीर्घकाळ जे 1489 घन सेंटिमीटरचे इंजिन होते, त्याच 'बी' मालिकेतील 1798 घन सेंटिमीटरचे इंजिन एमजीबीत बसवलेले होते. ॲम्बॅसडरप्रमाणेच एमजीबीच्याही मागच्या आसाला पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, होत्या.

एमजीबीचे धक्काशोषक मात्र आज सर्वत्र दिसणाऱ्या नळीसारखे नव्हते. ते तरफेच्या पद्धतीचे होते. सांगाड्याला घट्ट बसवलेला धातूचा एक ठोकळा, त्यातून बाहेर आलेली भुजा, आणि भुजा हलली की आतल्या तेलात सरकणारे दट्टे, अशी त्यांची रचना असे. पुढच्या चाकांना तर हीच भुजा चाकाला वरून धरून ठेवते. त्यामुळे तिचा आस झिजला की हालचाल शमत नाही एवढेच नव्हे, तर चाक सैल होऊन त्याचा कोनही बदलतो. या भागाची दुरुस्ती करताना विशेष सावधगिरी लागते. पुढचा धक्काशोषक सोडवण्यापूर्वी गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी आणि खालच्या भुजेखाली जॅकचा आधार द्यावा. तसे न केल्यास दबलेली स्प्रिंग एकाएकी सुटून गंभीर इजा होऊ शकते.

खरेदीपूर्वीची पाहणी

जुनी गाडी डोलू लागली की मालक प्रथम बाजाराचा रस्ता धरतो. पण शहाण्या कारागिराचे पहिले काम पाहणीचे असते. टायरमधील हवा योग्य आहे का? रबरी बुश फुटलेले नाहीत ना? पाटे किंवा स्प्रिंग बसलेली नाही ना? या दोषांमुळेही गाडी डोलते आणि खडखडते. ते तसेच ठेवून महागडे धक्काशोषक बसवले, तर पैसा जातो आणि दोष राहतो.

गाडीचा एक कोपरा हाताने दाबून सोडण्याची परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, दोन-तीन वेळा हलली तर धक्काशोषक निकामी, असे मानतात. ही परीक्षा उपयुक्त असली तरी अपुरी आहे. पूर्ण निकामी झालेला भाग तिच्यात पकडला जातो. अर्धवट कमजोर झालेला सुटतो. तरफेच्या धक्काशोषकाची जोडदांडी सोडवून भुजा हाताने हलवून पाहावी. दोन्ही दिशांना सारखा, सलग रोध जाणवला पाहिजे. मध्येच भुजा रिकामी सरकली, तर तेल कमी झाले आहे किंवा आत हवा शिरली आहे, असे समजावे. अशा वेळी आसाजवळून तेल गळत नाही ना, हे पाहावे. गळती नसेल तर योग्य जातीचे तेल भरूनही काम भागते. ब्रेकचे तेल मात्र यात कधीही घालू नये. त्याने आतील रबराची हानी होते.

निवड कशी करावी?

पाहणीनंतरही नवे धक्काशोषक घ्यायचे ठरले, तर एमजीबीच्या मालकापुढे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे मूळ तरफेचे धक्काशोषक नवे आस व नवी झाकणे घालून दुरुस्त करून घेणे. दुसरा मार्ग, त्याच ठोकळ्यात अधिक रोध देणारी झडप बसवणे. तिसरा, तरफेऐवजी नळीचे धक्काशोषक बसवणे. त्यासाठी वेगळे आधारकोन लागतात. शिवाय पुढच्या बाजूस वरच्या भुजेचे काम करणारे दुसरे काही तरी हवेच असते, म्हणून काही संचांत जुना ठोकळा केवळ भुजेपुरता जागेवर ठेवला जातो.

कोणताही मार्ग निवडला तरी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट लांबीची. धक्काशोषक पूर्ण मिटलेला असताना आणि पूर्ण उघडलेला असताना किती लांब आहे, हे मोजावे. गाडी मूळ उंचीपेक्षा खाली बसवली असेल, तर मूळ लांबीचा धक्काशोषक मोठ्या खड्ड्यात शेवटपर्यंत मिटतो व आतून आपटतो. एमजीबीच्या बाबतीत येथे आणखी एक मेख आहे. 1974 च्या अखेरीस या गाडीला रबरी बंपर आले आणि अमेरिकेतील नियमांसाठी तिची उंची सुमारे एक इंचाने वाढवण्यात आली. म्हणून 'एमजीबीसाठी' एवढी चिठ्ठी पाहून माल घेणे पुरेसे नाही. गाडी कोणत्या वर्षाची आहे आणि नंतर तिच्यात कोणते बदल झाले, हेही विक्रेत्याला सांगावे.

दुसरी गोष्ट स्प्रिंगशी मेळाची. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आवरणारा रोध अधिक लागतो. मऊ स्प्रिंगला अतिशय कडक धक्काशोषक जोडला, तर स्प्रिंगला हलायलाच सवड मिळत नाही.

तिसरी गोष्ट जोडीची. एका आसावरील दोन्ही धक्काशोषक नेहमी एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास गाडीची डावी व उजवी बाजू निरनिराळी वागते आणि जोराचा ब्रेक लावताना ते धोक्याचे ठरते.

जुळवणीची रीत

काही धक्काशोषकांचा रोध कमीजास्त करता येतो. हॉलंडमधील 'कोनी' या बनावटीच्या जुन्या धाटणीच्या नळ्या गाडीतून काढून, पूर्ण मिटवून, आतील खाच जुळवून फिरवाव्या लागतात. त्यात केवळ प्रसरणाचा, म्हणजे स्प्रिंग परत उघडतानाचा रोध बदलतो. ब्रिटिश 'स्पॅक्स' बनावटीच्या नळ्यांत बाजूचा एकच स्क्रू फिरवून आकुंचन व प्रसरण दोन्हींचा रोध एकदम बदलतो. आपण नेमके काय बदलत आहोत, हे ठाऊक असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

नवी नळी बसवण्यापूर्वी ती उभी धरून काही वेळा पूर्ण मिटवावी व उघडावी, म्हणजे आडवी ठेवल्यामुळे आत शिरलेली हवा निघून जाते. रबरी बुशांचे बोल्ट प्रथम सैल ठेवावेत आणि गाडी चाकांवर उतरवून तिचे वजन पडल्यावरच पक्के आवळावेत. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.

यानंतर खरी जुळवणी सुरू होते. सुरुवात सर्वांत मऊ मांडणीपासून करावी. टायरमधील हवा मोजून घ्यावी. नेहमीचा, ओळखीचा रस्ता निवडावा; त्यावर एखादा उंचवटा, एखादे वळण आणि थोडा खडबडीत भाग असावा. गाडी कायद्याच्या वेगमर्यादेत चालवून तिचे वागणे वहीत लिहून ठेवावे. उंचवट्यानंतर ती डोलत राहिली, तर रोध एका पायरीने वाढवावा व पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जावे. गाडी एकदाच हलून स्थिरावू लागली की आपण योग्य जागेच्या जवळ आलो. त्याही पुढे रोध वाढवला, तर बारीक खडबडीवर चाके टपटपू लागतात. प्रसरणाचा रोध फार वाढला, तर एका खड्ड्यानंतर स्प्रिंग पुरती उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि गाडी क्रमाने खाली खाली ओढली जाते. ही चिन्हे दिसताच एक पायरी मागे यावे.

एका वेळी एकच बदल करावा. पुढचा रोध, मागचा रोध आणि टायरमधील हवा एकदम बदलली, तर गुण कशामुळे आला व दोष कशामुळे, हे कधीच कळत नाही. हेही लक्षात ठेवावे की, वळणात शिरताना व बाहेर पडताना गाडी किती चटकन कलते, हे धक्काशोषक ठरवतो. लांब वळणात ती अखेर किती कलावी, हे मात्र स्प्रिंग आणि कल रोखणारा आडवा दांडा ठरवतात. एकाच्या दोषासाठी दुसऱ्याला पिळू नये.

कडक म्हणजे उत्तम नव्हे

'स्पोर्ट्स कार म्हणजे कडक गाडी' हा समज सर्वत्र आढळतो. कडक गाडी चपळ वाटते, कारण रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला व पाठीला कळतो. पण खडबडीत रस्त्यावर त्या गाडीचे चाक अधिक वेळ हवेत असते. वाटणारी पकड आणि प्रत्यक्षातली पकड यांत असा फरक पडतो व तो ओल्या रस्त्यावर, अचानक ब्रेक दाबताना उघड होतो. म्हणून आपल्या गाडीला, आपल्या रस्त्यावर पुरेल एवढाच रोध, हे जुळवणीचे सूत्र होय.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक विवेक आवश्यक आहे. झडप बदलली तर ती पुन्हा पूर्ववत करता येते. नव्या आधारकोनांसाठी सांगाडा कापला किंवा त्याला भोके पाडली, तर ते परत भरून येत नाही. मूळ भाग काढलाच, तर तो तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. पुढच्या मालकाला वा कारागिराला त्याची गरज भासेल.

आपल्यापैकी काही जण उद्या गॅरेजमध्ये काम करतील, काही जण स्वतःची दुचाकी वा चारचाकी दुरुस्तीसाठी नेतील. गाडी कोणतीही असो, नवा भाग मागण्यापूर्वी जुन्या भागाचे काम समजून घ्यावे. मग दुकानात काय मागायचे आणि गॅरेजमध्ये काय विचारायचे, हे आपल्याला नेमके ठाऊक असेल.

स्वाध्याय

1. धक्काशोषक आणि स्प्रिंग यांच्या कामांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
2. एका आसावरील दोन्ही धक्काशोषक एकदम का बदलावेत?
3. 'एका वेळी एकच बदल करावा' हा नियम आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एखाद्या कामाला कसा लागू पडतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.