दारावरची पाटी आणि आतले मोजमाप

विद्यापीठाच्या सामाईक उपकरण केंद्रावर ‘आयएसओ प्रमाणित’ अशी पाटी दिसली, की नमुना घेऊन आलेला पीएचडीचा विद्यार्थी निर्धास्त होतो. पण आयएसओ ही संस्था फक्त मानके तयार करते. प्रमाणपत्र देतात त्या इतर संस्था. त्यातही आयएसओ ९००१ एवढेच सांगते, की केंद्राचे कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालते. चाचणी करण्याची क्षमता तपासणारे मानक वेगळे आहे, आयएसओ/आयईसी १७०२५. भारतात त्यानुसार मान्यता देते ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एनएबीएल हे मंडळ.

‘एनएबीएल मिळाले म्हणजे सगळी लॅब मान्य’ हा तर फारच पसरलेला समज. मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते. पिण्याच्या पाण्यातले शिसे मोजण्याची मान्यता असेल, तर त्याच यंत्रावर मोजलेले मातीतले शिसे आपोआप तिच्यात येत नाही. मान्य चाचण्यांची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ती आधी पाहावी, पाटी नंतर.

महागड्या यंत्राचा आकडा बरोबरच असणार, असेही धरून चालतात. साधा वजनकाटा घ्या. कामाआधी त्याच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मध्यभागी आणायचा, प्रमाणित वजन चिमट्याने ठेवायचे, आलेला आकडा तारीख आणि सहीसकट वहीत लिहायचा. त्या वजनाचे कॅलिब्रेशन टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय मानकापर्यंत पोचावे लागते. भारतात ते मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. मान्यतेसाठी येणारे तपासनीस ही वही मागतात. काटा हाताळणाऱ्याचे प्रशिक्षणही तपासतात. म्हणूनच यंत्रावर कोट्यवधी खर्चून ते चालवायला दरवर्षी नवा कंत्राटी माणूस नेमणे मला घातक वाटते.

मग प्रत्येक संशोधनाला ही मान्यता हवीच का? नाही. नव्या पदार्थाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची प्रतिमा तिच्यावाचूनही उत्तम शोधनिबंधात जाते. तिथे नोंदी आणि कॅलिब्रेशन चोख असले की पुरे. अन्नाचे नमुने कायद्यासाठी तपासायचे असतील, तर मात्र प्रश्न वेगळा. अन्नसुरक्षा कायद्यात अधिसूचित प्रयोगशाळांसाठी मान्यतेची अट आहे.

आणखी एक. मान्यताप्राप्त अहवालही हाती आलेल्या नमुन्यापुरताच बोलतो. शेतातल्या एकाच कोपऱ्यातली माती आणली असेल, तर त्यावरून अख्ख्या शेताचा निष्कर्ष काढता येत नाही.