पारोच्या आधीची पारो

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली की पुढचे चार किलोमीटर अजिंठा लेण्यांच्या बसनं जायचं. बस भरेपर्यंत हाताशी वेळ असतो. गेल्या हिवाळ्यात तेवढ्या वेळात आमच्या टोळीतल्या एकीनं पिशवीतून कॅरेक्टर शीट काढली. आमचं नवं कॅम्पेन सुरू व्हायचं होतं: फासे, नकाशे, राक्षस, सगळं आलं. "नाव पारो ठेवलंय," ती म्हणाली, "बॅकस्टोरी तेवढी राहिलीय."

तेवढीच तर नेहमी राहते. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा आमचा खेळ काढला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तीन फासे सहा वेळा टाकायचे, सहा आकडे लिहायचे आणि भुयारात उतरायचं. पात्र पहिल्याच संध्याकाळी मेलं तर नवा कागद. माणसं मरायची थांबली तशी त्यांना पूर्वायुष्य लागायला लागलं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांचे तयार तक्तेच आले. तरीही नवा खेळाडू हमखास एकच गोष्ट आणतो: गाव जळालं, आईबाप गेले, आता सूड. आमच्या टेबलावर आजवर इतकी गावं जळाली आहेत की नकाशावर वस्तीच उरायची नाही.

सतराव्या लेण्यात याच्यावरचा उतारा रंगवून ठेवलाय. छद्दंत जातक. सहा सुळ्यांचा हत्ती म्हणजे बोधिसत्त्वाचा एक पूर्वजन्म, पण मला गोष्ट वाटते ती सुभद्रेची. मागच्या जन्मी ती याच हत्तीची धाकटी राणी. फुललेला साल वृक्ष त्यानं सहज हलवला. थोरलीच्या अंगावर फुलं पडली, हिच्या अंगावर वाळक्या काटक्या आणि तांबड्या मुंग्या. बस, एवढंच. तो सल घेऊन ती मेली, बनारसची राणी होऊन जन्मली आणि त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवला. सुळे समोर आले तेव्हा दुःखानं तिचाच जीव गेला. हीच गोष्ट कित्येक शतकं आधी दहाव्या लेण्यातही रंगवली होती. जळालेल्या गावापेक्षा मूठभर मुंग्या जास्त पुरतात, असं मी तेव्हा म्हणालो. मैत्रीण म्हणाली, "हो, पण पारोकडे मुंग्याही नाहीत."

खरं होतं. जिच्यावरून हे नाव घेतलं, त्या इथल्या खऱ्या पारोकडे फक्त एक दगड आहे. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो आला आणि आयुष्याचा मोठा भाग इथंच राहिला. लग्नाची बायको, मुलं होती, ती इथं नव्हती. इथं त्याच्यासोबत होती पारो. अजिंठा गावात तिची जी कबर आहे तिच्यावरचा इंग्रजी मजकूर एका ओळीत संपतो: माझी लाडकी पारो, मृत्यू २३ मे १८५६. वय नाही, गाव नाही, आईबाप नाहीत, कशानं गेली तेही नाही. आणि त्या ओळीतलं 'माझी' हे गिलचं आहे, हे विसरू नये.

गिलच्या वाट्याला मात्र भरपूर कागद आले. त्याच्या मोठाल्या तैलचित्रांतली बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लटकली आणि डिसेंबर १८६६च्या आगीत जळाली. त्यानं कॅमेऱ्यानं टिपलेली लेणी १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत नकलांसाठीच लेडी हेरिंगहॅम आली, तिची छावणी इथंच, फर्दापूरला. नंदलाल बोस, असितकुमार हलदार तिच्या मदतीला. तिचंही मागचं सगळं आपल्याला ठाऊक: जुन्या इटालियन चित्रकाराचा टेंपेराच्या रंगांवरचा ग्रंथ तिनं इंग्रजीत आणला होता, म्हणून या भिंतींची ओढ. तिची बॅकस्टोरी अशी खणखणीत, की इथं येणं त्यातूनच उगवतं.

पारोला पूर्वायुष्य द्यायचं काम मराठीनं अंगावर घेतलं. ना. धों. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे याच डोंगराच्या शेजारचे. त्यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली चित्रपट काढला, पारो झाली सोनाली कुलकर्णी. तेव्हापासून लेण्यांच्या वाटेवर कुणाला पारोबद्दल विचारा, डोळ्यांसमोर चित्रपटातलाच चेहरा येतो. यात मला तक्रार नाही. नुसत्या तारखेवर जीव लावता येत नाही, कवीनं तो लावून दाखवला.

पण तोंडी गोष्टी ऐकत गेलो तशी एक खोड लक्षात आली. मी ऐकलेली प्रत्येक गोष्ट गिल आल्यापासून सुरू होते. त्याला वाट कुणी दाखवली, रंग कुणी कुटले, प्रेम कसं जमलं. हे सगळं खेळ सुरू झाल्यानंतरचं. बॅकस्टोरी म्हणजे फासे पडायच्या आधीचं. टोपीवाला घाट चढून यायच्या आदल्या वर्षी ही मुलगी काय करत होती? कुणाशी भांडली होती? ती जागा कुणी भरतच नाही. आमच्या खेळात डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं उभ्या केलेल्या, नायकाला पाणी देऊन बाजूला होणाऱ्या पात्रांचं असंच असतं.

संध्याकाळी फर्दापूरला चहाच्या टपरीवर शीट पुरी झाली. गिलचं नाव त्यात घ्यायचं नाही, एवढा एकच नियम मैत्रिणीनं घातला. पारोला लेण्यांतल्या वटवाघळांची भीती वाटते, वाघूर नदीच्या पाण्यात तिची एक पितळी लोटी हरवली आहे, आणि ती लोटी धाकट्या बहिणीनं लपवली असा तिला संशय आहे. दोष या रकान्यात लिहिलं: विसरत नाही. खऱ्या पारोशी याचा काही संबंध नाही, असंही तिनं खाली लिहून ठेवलं. मला ते आवडलं.

२ ऑगस्ट २०२३ ला नितीन देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी महानोर. पारोला चेहरा देणारे दोघं लागोपाठ दोन दिवसांत गेले. तुम्ही लेणी बघून फर्दापूरला उतरलात तर लगेच जळगावचा रस्ता धरू नका. उलट दिशेनं घाट चढून अजिंठा गावात जा आणि कबर कुठे आहे ते विचारा.